नवी साइट, कोरी फाइल: सुरुवातीचा कोड कुठून उचलायचा?

सांगलीत वेबसाइटची कामं घेणाऱ्याला सुरुवातीला जे काम मिळतं ते बहुधा पाच-सहा पानांचंच असतं. गणपती पेठेतली एखादी पेढी, विश्रामबागचा क्लास, मिरजेतला दवाखाना, तासगावकडचा बेदाण्याचा व्यापारी. पानंही ठरलेली: होम, माल किंवा सेवा, आमच्याविषयी, फोटो, संपर्क. एडिटर उघडून कोरी फाइल समोर आली की प्रश्न पडतो. सुरुवातीचा कोड आपल्या जुन्या फोल्डरमधून घ्यायचा, एचटीएमएल५ बॉयलरप्लेट (सुरुवातीच्या फाइलींचं तयार फोल्डर) उतरवायचं, बूटस्ट्रॅप (तयार बटणं-तक्त्यांचा सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडाचा संच) जोडायचं, टेलविंड (बारीक क्लासांचा सीएसएस संच) बसवायचं, की सरळ वर्डप्रेस (ब्राउझरमधूनच पानं बदलता येणारी प्रणाली) टाकून मोकळं व्हायचं?

तुलनेसाठी एकच नमुना धरू. राजापुरी हळदीचा घाऊक व्यापार करणारी पेढी, पाच पानं, मजकूर मराठीत, बघणारे बहुतेक मोबाइलवर, आणि मालकांची एक अट: मालाचा दर आम्हाला रोज बदलता आला पाहिजे. माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा कामाला स्वतः जमवलेले स्निपेट, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारे कोडचे तुकडे, सगळ्यांत बरे. मालकांच्या घरात कुणी हौसेनं लिहिणारं असेल तर वर्डप्रेस. बूटस्ट्रॅप तक्ते आणि फॉर्म खूप असतील तेव्हा. टेलविंड चांगलं आहे, पण साइट पुढची काही वर्षं तुमच्याच हातात राहणार असेल तर. बॉयलरप्लेट वाचायला घ्या, वापरायला नाही घेतलं तरी चालेल.

आता कारणं.

आधी देवनागरी, मग बाकीचं

इंटरनेटवरच्या तुलनांमध्ये फाइल किती केबीची, शिकायला किती दिवस लागतात, जाणकार मंडळी कुठे भेटतात याची चर्चा असते. मराठी पानाला आधी अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. हे तयार साचे इंग्रजी मजकूर धरून बेतलेले आहेत, आणि देवनागरीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार अशी दोन्हीकडे जागा लागते.

ओळींमधलं अंतर बघा. बॉयलरप्लेटच्या सीएसएसमध्ये लाइन-हाइट १.४ आहे. बूटस्ट्रॅपमध्ये मजकुराला १.५ आणि मथळ्यांना १.२. टेलविंडमध्ये मजकुराला १.५, पण मोठ्या मथळ्यांचे जे तयार क्लास आहेत, पाच-एक्सएलपासून पुढचे, त्यांना थेट १. इंग्रजीत हे झोकदार दिसतं. ‘शेतकऱ्यांचा माल, सौद्यातून थेट तुमच्या दारी’ असा मथळा मोबाइलवर दोन ओळींत मोडला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. मी मजकुराला १.७ आणि मथळ्यांना १.३५ ते १.४ ठेवतो. हा दोन ओळींचा तुकडा कुठलाही साचा घेतला तरी वरून घालावाच लागतो.

दुसरी गोष्ट लेटर-स्पेसिंग. बटणांवर आणि छोट्या मथळ्यांवर अक्षरं किंचित विरळ करायची फॅशन बऱ्याच थीममध्ये असते. देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते आणि ‘संपर्क’ हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. म्हणून माझ्या फाइलमध्ये मराठी मजकुरासाठी लेटर-स्पेसिंग शून्यावर आणणारी ओळ असते. लिंकखालची रेघही उकारांना अडते, तिला अंडरलाइन-ऑफसेट देऊन थोडी खाली सरकवली की वाचायला बरं पडतं.

तिसरी गोष्ट लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारी खूण. व्हीएस कोड या एडिटरमध्ये उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबला की त्यातलं एमेट (खुणेवरून कोड लिहून देणारी सोय) पूर्ण सांगाडा देतं, पण त्यात भाषा इंग्रजी लिहिलेली असते. बूटस्ट्रॅपच्या नमुना पानातही इंग्रजीच. बॉयलरप्लेट ती जागा रिकामी सोडतं आणि भरायचं काम तुमच्यावर टाकतं, हे त्यातल्या त्यात प्रामाणिक. मराठीचा कोड ‘एम-आर’ तिथे घातला नाही तरी पान दिसतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण स्क्रीन रीडर कुठल्या आवाजात वाचणार, ब्राउझर भाषांतर सुचवणार की नाही, हे त्याच्यावर ठरतं. काही फॉन्टांमध्ये तर ल आणि श या अक्षरांची मराठी वळणाची रूपं वेगळी ठेवलेली असतात आणि लँग मराठी असेल तरच ती उमटतात. एमेटच्या सेटिंगमध्ये व्हेरिएबल म्हणून भाषा एकदा मराठी करून ठेवा, पुढच्या प्रत्येक पानाला तीच येईल.

फॉन्टाबद्दल माझा सल्ला थोडा कंजूष आहे. मुक्त, बलू, टिरो देवनागरी मराठी, नोटो सान्स देवनागरी हे सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि देखणे आहेत. पण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीच्या कितीतरी पट मोठी होते. त्यात रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड अशी चार वजनं मागवली की पेढीच्या सगळ्या फोटोंइतका भार नुसत्या अक्षरांचा होतो. एक फॉन्ट, दोन वजनं, आणि फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप. म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर गायब राहत नाही. याहून सोपं म्हणजे वेब फॉन्ट न मागवणं. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी असतोच, विंडोजवर निर्मला यूआय, आयफोनवर कोहिनूर देवनागरी. ही नावं एका ओळीत लिहून ठेवलेला तुकडा शून्य केबीत काम भागवतो. बूटस्ट्रॅप आणि टेलविंड यांच्या फॉन्टयादीत देवनागरीचं नाव नसतं. ते यंत्रावर सोडून देतात, आणि बहुतेक वेळा ते ठीकही जातं.

आणि एक आपल्याकडची खास अडचण: पेढीचा जुना मजकूर येतो तो छापखान्यातून, श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांमध्ये. तो तसाच पानात चिकटवला की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात, कारण ते युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना दिलेले ठरलेले क्रमांक) नाही. आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि मग डोळ्यांनी वाचा. रफार आणि ऱ्या-ऱ्हा हमखास घसरतात. यात पाचही वाटा सारख्याच निरुपयोगी.

स्वतःची स्निपेट-फाइल

व्हीएस कोडमध्ये यूजर स्निपेट नावाची सोय आहे. जेसन फाइलमध्ये प्रत्येक तुकड्याला एक छोटं नाव, तुकडा आणि त्याचं वर्णन द्यायचं. नाव टाइप करून टॅब दाबला की तुकडा पानात उतरतो. आत डॉलर चिन्ह आणि आकडा लिहून कर्सर कुठे कुठे थांबायचा ते ठरवता येतं. डॉलर-शून्य म्हणजे शेवटचा मुक्काम. तुकडा पीएचपीचा (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेचा) असेल तर त्यातलं प्रत्येक डॉलर चिन्ह उलट्या तिरक्या रेघांनी झाकावं लागतं, नाहीतर एडिटर त्याला आपलं समजून गिळतो. फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवता येते, म्हणजे सोबत काम करणाऱ्यालाही तेच तुकडे मिळतात.

पेढीच्या साइटसाठी यात काय हवं? पहिला तुकडा हेडचा, म्हणजे पानाच्या न दिसणाऱ्या माहितीच्या भागाचा. चारसेट यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी ओळ, सगळ्यांत वर, कारण ब्राउझर ती ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांतच शोधतो. त्याच्या आधी कुणी लांबलचक कॉमेंट किंवा स्क्रिप्ट घातली तर मराठीची खिचडी व्हायची शक्यता असते. मग व्ह्यूपोर्ट: ही ओळ नसेल तर मोबाइल ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो. या ओळीत झूम बंद करणारा शब्द जुन्या थीममधून चिकटून आलेला असेल तर काढून टाका. साठी ओलांडलेले व्यापारी दोन बोटांनी मोठं करूनच वाचतात.

त्याच तुकड्यात ओपन ग्राफच्या, म्हणजे लिंक पाठवल्यावर काय दिसावं ते सांगणाऱ्या, ओळी हव्यात. आपल्याकडे साइटचा पत्ता गूगलवर कमी आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जास्त फिरतो. तिथे फोटो, नाव आणि एक ओळ नीट दिसली तर लोक दाबतात. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं, वजनानं हलकं, आणि त्याचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहिलेला असावा. नुसतं फोल्डरचं नाव दिलं तर चित्र येत नाही, आणि मालक विचारतात, ‘आमच्याच लिंकला फोटो का दिसत नाही ओ?’

दुसरा तुकडा फोन आणि व्हॉट्सअॅपचा. हा लहान, पण सगळ्यांत जास्त वापरला जाणारा. फोनच्या लिंकमध्ये अधिक चिन्हासह ९१. व्हॉट्सअॅपच्या डब्ल्यूए डॉट मी लिंकमध्ये मात्र अधिक नाही, सुरुवातीचं शून्य नाही, मोकळी जागा नाही. ९१ आणि पुढे दहा आकडे. ‘हळदीच्या दराबाबत विचारायचं होतं’ असा मजकूर आधीच भरून द्यायचा तर तो एन्कोड करून (टक्क्याच्या खुणांत बदलून) घालावा लागतो.

तिसरा फोटोचा: प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहिलेली, म्हणजे पान उघडताना मजकूर उड्या मारत नाही, आणि लेझी लोडिंग, म्हणजे खाली सरकल्यावरच फोटो उतरवणं. सगळ्यांत वरच्या मोठ्या फोटोला मात्र लेझी लावू नका. गूगलच्या मापात मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा, आणि तो मुख्य भाग बहुधा तोच फोटो असतो.

चौथा संपर्काच्या फॉर्मचा, आणि इथे जरा थांबायला हवं. फॉर्म दिसणं आणि पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधी स्थिर फाइल फॉर्म कुठेच पाठवत नाही. त्यासाठी सर्व्हरवर पीएचपी किंवा एखादी फॉर्मसेवा लागते, आणि गिटहब पेजेस या स्थिर साइटांच्या होस्टिंगवर पीएचपी चालत नाही. पीएचपीच्या मेल फंक्शनमध्ये बरेच जण पाठवणाऱ्याच्या जागी गिऱ्हाइकाचाच ईमेल घालतात. जीमेल बघतं की पत्र निघालं या सर्व्हरवरून आणि नाव दुसऱ्याच डोमेनचं. ते स्पॅममध्ये जातं. पाठवणारा पेढीच्या डोमेनवरचा ठेवा, गिऱ्हाइकाचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये द्या, आणि जमलं तर पीएचपीमेलर ही लायब्ररी वापरून एसएमटीपीनं (मेलखात्यात लॉग-इन करून) पाठवा. बॉटसाठी (आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रामसाठी) फॉर्ममध्ये एक फसवी पट्टी ठेवायची, जी सीएसएसनं लपवलेली असते. माणूस ती भरत नाही, बॉट भरतो; भरलेली आली की पत्र टाकून द्यायचं. एवढ्यानं पुष्कळ कचरा थांबतो.

एचटीटीपीएसकडे (सुरक्षित पत्त्याकडे) वळवणारा एचटीअॅक्सेस या सर्व्हर-फाइलचा तुकडाही ठेवा. तो अपाचे आणि लाइटस्पीड सर्व्हरवर चालतो, एनजिनएक्सवर नाही. होस्टिंग कुठलं हे आधी विचारा.

या वाटेचा तोटा सरळ आहे: फाइल तुम्हीच अद्ययावत ठेवायची. एमेटच्या जुन्या सांगाड्यातली इंटरनेट एक्सप्लोररसाठीची मेटा ओळ अजून कित्येकांच्या फोल्डरमध्ये आहे. आयई ११ चा आधार मायक्रोसॉफ्टनं जून २०२२ मध्येच काढला. वर्षातून एकदा फाइल उघडायची आणि कात्री चालवायची, हे जमणार नसेल तर तयार साचा बरा.

बॉयलरप्लेट आणि रीसेट

एचटीएमएल५ बॉयलरप्लेट २०१० मध्ये आलं. त्या काळी ब्राउझरांच्या खोडी सांभाळणं हेच अर्धं काम होतं, आणि हे फोल्डर म्हणजे जाणत्यांनी केलेली गोळाबेरीज होती. आज त्यातलं बरंचसं ब्राउझरांनी स्वतःच निस्तरलंय. जेक्वेरी ही जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररीही त्यातून गेली. उरलं ते चोख आहे: ४०४ चं (पत्ता चुकल्यावर दिसणारं) पान, रोबोट्सची फाइल, आयकॉन, मॅनिफेस्ट, प्रिंटसाठीची सीएसएस. पेढीला ४०४ चं पान हवंच, आणि प्रिंटची सीएसएस तर नक्कीच, कारण दिवाणजी दरपत्रक कागदावर काढतात. पण हे दोन-तीन तुकडे उचलून आपल्या फाइलमध्ये घातले की भागतं. परवाना एमआयटीचा आहे, कुणी अडवत नाही.

रीसेट, म्हणजे ब्राउझरची मूळ रूपं पुसणारी सीएसएस, तिच्याबद्दल थोडक्यात. एरिक मायर यांचं रीसेट, ज्याची दुसरी आवृत्ती २०११ ची आहे, सगळ्या घटकांचे अंतर-आकार पुसून टाकतं. नॉर्मलाइज उलट, ब्राउझरांमधले फरक तेवढे मिटवतं आणि चांगलं ते राहू देतं. मराठी मजकुराच्या लांब पानांना नॉर्मलाइज बरं, कारण याद्या आणि परिच्छेद नव्यानं उभे करावे लागत नाहीत. बॉर्डर-बॉक्सची ओळ (रुंदीतच कडा आणि आतलं अंतर धरणारी) कुठल्याही परिस्थितीत हवी. बाकी रीसेटवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

बूटस्ट्रॅप विरुद्ध टेलविंड

हा खरा सामना, आणि तो नेहमी चुकीच्या मैदानावर खेळला जातो. कुठलं आधुनिक हा प्रश्न नाही. दोन वर्षांनी ही फाइल कोण उघडणार, हा आहे.

बूटस्ट्रॅप ट्विटरमधून २०११ मध्ये बाहेर आलं. पाचवी आवृत्ती मे २०२१ ची, तेव्हापासून जेक्वेरीची गरज संपली. बारा रकान्यांची ग्रिड, मेनू, तक्ते, फॉर्म, खिडक्या सगळं तयार. एक सीएसएस आणि एक जेएसची लिंक जोडली की सुरू. नोड (आपल्या यंत्रावर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) नको, बिल्ड (अंतिम फाइल तयार करायची पायरी) नको. सीएसएस मिनिफाय करूनही (मोकळ्या जागा काढूनही) सव्वादोनशे केबीच्या आसपास आहे, जीझिपनं आवळून तीसेक केबी उतरते. पाच पानांच्या साइटला त्यातला फार थोडा भाग लागतो. दिसायलाही सगळ्या बूटस्ट्रॅप साइट एकमेकींच्या बहिणी वाटतात. पण याची सर्वांत मोठी जमेची बाजू ही की ते येणारा माणूस सांगलीत गल्लोगल्ली सापडतो. कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला ‘कॉल-एमडी-सहा’ म्हणजे काय ते माहीत असतं. तुम्ही पुण्याला नोकरीला गेलात तरी पेढीचं काम अडत नाही. एखाद्या पतसंस्थेची किंवा क्लासची साइट असेल, जिथे व्याजदरांचे तक्ते, प्रवेशअर्ज, निकाल असा माल आहे, तिथे मी विचार न करता बूटस्ट्रॅप घेतो.

टेलविंडचं तंत्र उलट आहे. तयार बटण मिळत नाही. अंतर, रंग, आकार यांचे बारीक क्लास मिळतात आणि ते एचटीएमएलमध्येच लिहायचे. बिल्ड करताना जे वापरलंय तेवढंच अंतिम फाइलमध्ये राहतं, त्यामुळे सीएसएस अगदी हलकी निघते. पेढीचा स्वतःचा पिवळा-तपकिरी रंग, स्वतःची मांडणी हवी असेल तर हात झपाझप चालतो. बूटस्ट्रॅपमध्ये तेच करायला तयार रूप पुसण्यात वेळ जातो.

अडतं कुठे? एक, बिल्ड. नोड किंवा स्वतंत्र सीएलआय (कमांडनं चालणारं साधन) लागतं. झटपट चाचणीसाठी दिलेली सीडीएनची (दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येणारी) स्क्रिप्ट खऱ्या साइटवर ठेवायची नसते, तरी ती सर्रास ठेवलेली दिसते. दुसरं, जानेवारी २०२५ ची चौथी आवृत्ती नव्या ब्राउझरांवरच चालते: सफारी १६.४, क्रोम १११, फायरफॉक्स १२८ आणि पुढे. अँड्रॉइडवर क्रोम वेगळा अद्ययावत होत असल्यानं सहसा त्रास नाही. पण आयफोन ७ आयओएस १५ वरच थांबलाय, आणि घरातल्या थोरल्याचा जुना आयफोन धाकट्याकडे येणं हे आपल्याकडे चालूच असतं. त्यावर पान मोडतं. असे गिऱ्हाईक असतील तर ३.४ वर राहा. टेलविंडवाले स्वतः तेच सांगतात. तिसरं, वारसदार. दोन वर्षांनी दुसऱ्या कुणी फोल्डर उघडलं, नोडची आवृत्ती बदललेली, पॅकेजं बसेनात, आणि हातात फक्त बिल्ड झालेली सीएसएस. फोन नंबर बदलता येईल, पण रंग बदलायला तुम्हालाच फोन येणार.

देवनागरीपुरतं बोलायचं तर दोन्हीत वरून दुरुस्ती करावी लागते. बूटस्ट्रॅपमध्ये ती एका छोट्या फाइलमध्ये होते. टेलविंडमध्ये मथळ्याच्या प्रत्येक आकाराची लाइन-हाइट थीममध्ये बदलून घ्यायची, नाहीतर प्रत्येक मथळ्यावर लीडिंगचा (ओळींमधल्या अंतराचा) क्लास वेगळा लावत बसायचं.

रोजचा दर: वर्डप्रेस की शीट?

मालकांची अट इथे येते. दर रोज बदलायचा म्हटलं की सगळे वर्डप्रेसकडे पळतात. वर्डप्रेसला आत जायला पासवर्ड, पान शोधायचं, ब्लॉक उघडायचा, अपडेट दाबायचं. सौद्याच्या गडबडीत हे मोबाइलवर करणारा दिवाणजी विरळा. दोन-चार दिवस होतं, मग पंधरवड्याचा दर तसाच राहतो. शिळा दर दाखवणारी साइट नसलेल्या साइटपेक्षा वाईट.

स्थिर साइटवर यासाठी एक सुरेख तुकडा आहे. गूगल शीटमध्ये तीन रकाने: प्रत, किमान, कमाल. शीट ‘पब्लिश टू वेब’ करून सीएसव्हीची (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलची) लिंक घ्यायची. पानावरची जावास्क्रिप्ट फेच करून ती वाचते आणि तक्ता भरते. दिवाणजी मोबाइलवर शीटमध्ये आकडा बदलतो, काही मिनिटांत साइटवर दिसतो. शीट त्याला आधीपासून येते, हे महत्त्वाचं.

यात दोन खड्डे आहेत. पहिला स्वल्पविराम. १४,५०० असा आकडा सीएसव्हीमध्ये अवतरणचिन्हांत येतो. ओळ नुसती स्वल्पविरामावर तोडली तर १४ एका रकान्यात आणि ५०० दुसऱ्यात जातं. अवतरणचिन्हं ओळखणारा वाचक लिहा किंवा छोटी लायब्ररी घ्या. दुसरा आपला खास. दिवाणजीनं कीबोर्ड मराठीत ठेवून १४५०० देवनागरी आकड्यांत टाइप केलं तर जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन ते ओळखत नाही, ‘नॅन’ (म्हणजे ‘ही संख्या नाही’) देतं, आणि तक्त्यात दराच्या जागी तेच छापून येतं. उपाय एका ओळीचा. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि इंग्रजी शून्याचा ४८. प्रत्येक देवनागरी आकड्याच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी आकड्याचा क्रमांक मिळतो. दाखवताना उलटं करायला काहीच लागत नाही. टू-लोकेल-स्ट्रिंग या फंक्शनला मराठी-भारत सांगितलं की आकडे देवनागरीत आणि स्वल्पविराम लाख-हजाराच्या जागी येतात. हिंदी सांगितलं तर आकडे इंग्रजीच राहतात, म्हणून कोड उचलताना बघून घ्या.

शीट लोड झाली नाही तर काय दाखवायचं तेही ठरवा. ‘आजच्या दरासाठी फोन करा’ आणि खाली नंबर. त्याच शीटच्या दुसऱ्या पानावर सूचनेची एक ओळ ठेवली तर आणखी उत्तम. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा कुठली दुकानं चालू आणि कुठली बंद हे लोक फोन करकरून विचारत होते. अशा वेळी लॅपटॉप उघडून एचटीएमएल बदलायला कोण बसणार? मोबाइलवरून एक ओळ लिहिता आली म्हणजे झालं.

मग वर्डप्रेस कधी? नवी पानं, लेख, फोटो सतत पडणार असतील तेव्हा. क्लासचे निकाल, दवाखान्याचे आरोग्यविषयक लेख, एखाद्या संस्थेचे कार्यक्रम. तिथे वर्डप्रेसला तोड नाही, आणि डॅशबोर्ड मराठीत मिळतो. कोडचे तुकडे मात्र थेट थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये घालू नका. थीम अपडेट झाली की पुसले जातात. चाइल्ड थीम (मूळ थीमवर बेतलेली आपली वेगळी थीम) करा किंवा स्वतःचं छोटं प्लगइन.

मराठीवाल्यांनी इथे पर्मालिंक, म्हणजे पानाचा कायमचा पत्ता, सांभाळायला हवी. शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस पत्ताही मराठीत करतं. देवनागरीचं एक चिन्ह पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरं खातं, आणि वर्डप्रेस त्या भागाला २०० अक्षरांची मर्यादा घालतं. म्हणजे काना-मात्रा धरून बावीस चिन्हांतच पत्त्यातलं शीर्षक कापलं जातं. व्हॉट्सअॅपवर टाकला की तो पत्ता टक्के-आकड्यांची लांबलचक माळ होऊन पडतो. पत्ता इंग्रजी अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा, हातानं लिहा. पन्नास लेख झाल्यावर ही सुधारणा करायची तर रीडायरेक्टचं (जुने पत्ते नव्यांकडे वळवण्याचं) काम वाढतं.

वर्डप्रेसचा चालू खर्चही पेढीला आधीच सांगा: होस्टिंग, प्लगइनची अपडेट, बॅकअप. ज्या साइटकडे वर्षभर कुणी बघत नाही ती वर्डप्रेसवर नसलेली बरी.

एआयकडून मागवलेला कोड

हल्ली पहिला सांगाडा लोक एआयकडूनच मागवतात. त्यात वाईट काही नाही. पण मजकूर मराठी आहे हे सांगितलं नाही तर तेच येतं: लँग इंग्रजी, मथळ्याची लाइन-हाइट १.१, बटणांवर विरळ अक्षरं. आणि आलेला कोड तुम्हाला ओळीनं समजावून सांगता येत नसेल तर तो पेढीच्या साइटवर जाऊ नये.

आणखी एक नमुना

हळदीच्या पेढीला स्वतःचे स्निपेट आणि शीट, हे झालं. मिरजेतला तंबोरे-सतारी घडवणारा कारागीर घ्या. त्याला दर नकोत, फोटो आणि आवाज हवेत, आणि गिऱ्हाईक पार परदेशातून येऊ शकतं. इथेही स्वतःच्या तुकड्यांवरच काम होईल, पण दोन बदल करून. पानं मराठी आणि इंग्रजी अशी दोन फोल्डरांत, आणि दोन्हींत एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या एचरेफलँगच्या ओळी. प्रत्येक वाद्याच्या आवाजाला ऑडिओ टॅग, कंट्रोल्ससह, प्रीलोड ‘नन’ ठेवून. नाहीतर वीस तंबोऱ्यांचं पान उघडलं की ब्राउझर सगळ्या आवाजांकडे एकदम धावतो. फोटो वेबपी या हलक्या फॉर्मॅटमध्ये. टेलविंड येत असेल आणि साइट तुम्हीच सांभाळणार असाल तर इथे ते शोभेल, कारण मांडणी अनोखी हवी आणि पानं थोडी. वर्डप्रेस मात्र इथे नको. घडवणाऱ्याचे हात वाद्यात गुंतलेले असतात, डॅशबोर्ड उघडायला तो येणार नाही. नवं वाद्य झालं की तो फोटो व्हॉट्सअॅपवर तुम्हालाच पाठवणार. ते काम महिन्याच्या ठरलेल्या पैशांत धरलंय का, हे कोडाला हात लावायच्या आधी बोलून घ्या.